साथीच्या काळातील बाह्यरुग्ण
(वैद्यक व्यावसायिकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण, फोंडाघाट)



दाजीपूरच्या रानातून उतरणारा घाट जेथे संपतो आणि कोल्हापूरहून माल आणणारा ट्रकचालक, देवगडचा आंबा-व्यापारी व गणपतीसाठी मुंबईहून आलेला चाकरमानी जेथे एकाच पेठेत चहाला थांबतात, त्या गावी आपले संमेलन भरावे हे मला फार उचित वाटते. कारण श्वसनाचे रोग माणसांबरोबर रस्त्यानेच येतात, आणि त्यांचा पहिला मुक्काम मोठ्या रुग्णालयातील खाटेवर पडण्याआधी अशाच गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील अथवा खाजगी दवाखान्यातील बाकावर पडतो. त्या बाकाविषयी मला आज बोलावयाचे आहे.

इ. स. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरील काही पोलीस शिपाई इन्फ्लुएन्झाच्या तापाने पडले, आणि त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला त्या एका शहरात एका दिवसात ७६८ माणसे मृत्यू पावली. तेव्हा रुग्णालयांच्या बाहेर, चाळींतून आणि वस्त्यांतून, स्वयंसेवकांनी फिरते दवाखाने चालविले. पुढे ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला, त्यानंतर नायडू रुग्णालयासमोर लागलेल्या रांगांत खरोखर आजारी कोण आणि केवळ भयभीत कोण याचा निवाडा करण्यातच वैद्यांची बरीच शक्ती खर्ची पडली, आणि निरोगी मनुष्य रोग्याला खेटून तासन्‌तास उभा राहिला. तपासणीची केंद्रे वाढली, रुग्णांचे अ, ब, क असे वर्ग पाडून सौम्य लक्षणांच्या माणसाला चाचणीवाचून घरी पाठविण्याची मुभा केंद्र शासनाने दिली, तेव्हा कोठे त्या गर्दीला काही शिस्त आली. साथ आटोक्यात ठेवण्याचे काम प्रथम दारावर होते, हे त्या वेळीच आपल्या ध्यानी यावयास हवे होते.

कोरोनाच्या काळात मात्र आपली सर्व गणना खाटांची झाली. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने राज्य शासनाने खाजगी रुग्णालयांचे दर ठरविले : विलगीकरण कक्षाला दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि कृत्रिम श्वासयंत्रासह ९,०००. लूट थांबविण्यासाठी ही तजवीज अवश्य होती व तिचे मी मनापासून समर्थन करतो. परंतु जो रुग्ण पायी येतो, तपासून घेतो आणि घरी परततो, त्याच्या एका भेटीला साथीत काय अधिक लागते, याचा जमाखर्च कोणत्याही दप्तरात मांडला गेला नाही.

काय अधिक लागते, हे आपणांपैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. एरवी पाच मिनिटांत होणाऱ्या तपासणीला दहा मिनिटे लागतात असे धरले, तर शंभर रुग्णांच्या दिवसात आठ तासांहून अधिक काळ वाढतो. आणि तो काळ कोठून आणावयाचा याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नसते. मुखपट्ट्या व हातमोजे लागतात, मेज पुसावे लागते, खोलीतील हवा बदलेपर्यंत थांबावे लागते. खोकणाऱ्यांची नोंद निराळ्या खिडकीवर करणारा दुसरा मनुष्य लागतो. बोटाला लावून प्राणवायूचे प्रमाण पाहणारी यंत्रे आणि ती घेऊन वाडीवाडीत हिंडणाऱ्या आशाताईंचा मेहनताना लागतो. रुग्णांना उघड्यावर, अंतराने बसवावे, असा हुकूम येतो. पण घाटाच्या पायथ्याशी जूनपासून चार महिने जो पाऊस कोसळतो, त्यात तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्याला उघड्यावर बसवणार कसे? येथे पत्र्याची एक लांब, तिन्ही बाजूंनी मोकळी पडवी हेच खरे वैद्यकीय उपकरण होय, आणि मोठ्या यंत्राइतक्याच तत्परतेने तिला मंजुरी मिळाली पाहिजे. दूरध्वनीवरून सल्ला देण्यास २५ मार्च २०२० रोजी रीतसर मान्यता मिळाली, ही सोय मोठी खरी. तथापि दूरध्वनीतून छातीला नळी लावता येत नाही. बाकावरचे हे काम कोलमडले की सारा भार कणकवली आणि ओरोसच्या रुग्णालयांवर जातो. आणि कोरोनाच्या काळात गोव्याची सीमा बंद असताना तेथील बांबोळीच्या रुग्णालयाचा आपला नेहमीचा आधारही किती दुर्लभ झाला, ते या जिल्ह्याने अनुभवले आहे.

अमेरिकेतील वैद्यक संघटनेने सप्टेंबर २०२० मध्ये नेमक्या या वाढीव सामग्रीसाठी व सेवकांच्या वाढीव वेळेसाठी ९९०७२ हा स्वतंत्र संकेतांक निर्माण केला. तेथील मेडिकेअर या सरकारी विमायोजनेने त्याचा वेगळा मोबदला देण्याचे नाकारले. तरीही मी त्या संकेतांकाला मोल देतो. ज्या खर्चाला दप्तरात रकानाच नाही, तो मागावयाचा तरी कोणाकडे?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य संस्थांत केसपेपरचे शुल्कही राहिले नाही. गरिबाच्या हिताचा हा निर्णय टिकावा, आणि म्हणूनच साथीतील वाढीव भार खजिन्याने उचलला पाहिजे. खाजगी दवाखान्यांची स्थिती याहून कठीण. कोरोनाच्या काळात दवाखाने उघडे ठेवा, असे त्यांना बजावण्यात आले. पण मार्च २०२० मध्ये जाहीर झालेले ५० लाखांचे विमासंरक्षण त्यांना लागू होते की नाही, हा प्रश्न मृत डॉक्टरांच्या कुटुंबीयांना न्यायालयात न्यावा लागला. ज्याला आपण हुकमाने कामावर ठेवतो, त्याच्या पश्चात त्याच्या पत्नीने कज्जा लढवीत राहावे, हे मला असह्य वाटते.

यास्तव माझी सूचना अशी की, साथ जाहीर होताच आपोआप खुली होणारी बाह्यरुग्णांपुरती स्वतंत्र तरतूद जिल्हा नियोजन समितीने आधीच करून ठेवावी. तीतून पडवी, जादा परिचारिका, नोंदणी कारकून व सामग्री यांचा खर्च भागावा. आणि हुकमानुसार उघड्या राहणाऱ्या खाजगी दवाखान्यांनाही सरकारी भांडारातून ही सामग्री विनामूल्य मिळावी व विम्याचा लाभ निःसंदिग्धपणे लागू व्हावा. परंतु रक्कम मागण्यापूर्वी ती मोजली पाहिजे. प्रत्येक केंद्राने एक आठवडा साध्या दिवसांत आणि एक आठवडा तापाच्या हंगामात दर रुग्णामागे लागलेली मिनिटे व वापरलेली सामग्री टिपून ठेवावी. या नोंदीचा नमुना संमेलनाच्या कार्यवाहांनी तयार केला असून तो दुपारच्या सत्रात वाचला जाईल. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी व खाजगी व्यावसायिकांनी त्यावरील आपल्या दुरुस्त्या आज सायंकाळपूर्वी लेखी द्याव्यात.