धरणापलीकडची शाळा

पाबे घाट उतरून पुण्याला जाताना खडकवासला धरणाच्या पलीकडे जी प्रबोधिनी दिसते, ती एनडीए. लष्करातले मोठे अधिकारी घडतात तिथे. आम्ही वर्षानुवर्षं एसटीतून बघत आलो. ती आपल्या मुलींसाठी नव्हतीच. 2022 मध्ये तिथे पहिल्या 19 मुली दाखल झाल्या, 2025 च्या मे महिन्यात 17 जणी शिकून बाहेर पडल्या.

त्याआधीची वाट वेगळी होती. माधुरी कानिटकर पुण्याच्या एएफएमसीत डॉक्टर झाल्या, 1982 मध्ये लष्करात रुजू झाल्या. लहान मुलांच्या डॉक्टर, त्यातही मूत्रपिंडाच्या आजारांच्या. नवराही लष्करात, बदल्यांमुळे कित्येक वर्षं दोघं दोन गावांना. (आपल्याकडे मुंबईला कामाला गेलेल्यांच्या बायकांना हे सांगायला नको.) 2020 मध्ये त्या लेफ्टनंट जनरल झाल्या. तिन्ही दलांत मिळून त्या पायरीवर पोचलेल्या तिसऱ्या महिला. नवराही त्याच हुद्द्यावरचा. असं जोडपं देशात पहिलंच. पुढे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

एनडीएच्या लेखी परीक्षेला मुलींना फी नाही. लष्करासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. आणि मुलगी अविवाहित लागते.

आमच्या गटातल्या एकीची लेक बारावीत आहे, पळण्यात पहिली. तिला स्थळ आलंय. आम्ही त्या घरी दोनदा जाऊन आलो. रविवारी पुन्हा जाणार आहोत, या वेळी आजीशी बोलायला.