रुळाच्या अलीकडं विहीर, पलीकडं तूर

मागच्या भागानंतर मेसेज आले, त्यातले बरेच एकाच प्रश्नाचे होते. कुणी कड्याचं, कुणी अमळनेरचं, एक जण बीडच्या अलीकडचा. प्रश्न असा, की रेल्वे आमच्या वावरातून गेली, आता उरलेल्या दोन तुकड्यांचं करायचं काय? म्हणून आजचा भाग त्यावरच. मी वकील नाही, कोड लिहून पोट भरतो. पण आमचंही रान आष्टी तालुक्यात रुळानं दोन ठिकाणी वाटलंय, त्यामुळं या विषयातली कागदं मी ऑफिसच्या कामापेक्षा जास्त वाचलीत.

आधी थोडं मागचं. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, ते बीड ते परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995-96 साली मंजूर झाला. आपल्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते. आष्टीपर्यंत गाडी आली 23 सप्टेंबर 2022 ला. बीडला आली 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी. लोकांनी इंजिनाला हार घातले, आमच्या आईनं लांबूनच हात जोडले. रेल्वे हवीच होती, त्यात वाद नाही. पण नकाशावर एक सरळ रेघ मारली जाते, आणि ती कुणाच्या विहिरीच्या आणि कुणाच्या तुरीच्या मधून जाते हे रेघ मारणाऱ्याला दिसत नाही.

आमचं असं झालंय, की अलीकडं घर, विहीर आणि गोठा. पलीकडं दोन एकराच्या आसपास काळं रान. मधे भराव. पूर्वी बैल सोडला की तो आपला आपण पलीकडं जायचा. आता भुयारी मार्गाला वळसा घालून जावं लागतं.

सरळ रूळ ओलांडून गेलं तर काय होतं? रेल्वे कायदा 1989, कलम 147. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेवा. डोक्यावर कडब्याची पेंढी असली की कान झाकले जातात, बाजूचं दिसत नाही. एवढं कारण पुरे आहे.

आता मुद्द्याचं. त्याच कायद्यात कलम 16 आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे. रेल्वेमुळं जमिनीच्या वापरात जो खंड पडतो तो भरून काढायला लागणारे रस्ते, पूल, मोऱ्या, भुयारी वाटा रेल्वेनं करून द्यायच्या असतात. पाणी पूर्वी जसं वाहायचं तसंच, होईल तितकं, वाहत राहावं यासाठी नाल्याही. आणि त्या किती लागतात हे ठरवायचा अधिकार कुणाचा? राज्य सरकारचा. म्हणून नुसतं रेल्वेच्या कार्यालयात चकरा मारू नका, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडंही द्या आणि पोच घ्या.

पण याला दोन अटी आहेत. एक, रस्ता नको म्हणून तुम्ही त्याचे पैसे मोबदल्यात घेतले असतील, तर तो रस्ता मागता येत नाही. म्हणून निवाडा किंवा खरेदीखत काढा आणि ओळ न ओळ वाचा. आपल्याकडं निम्मं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं, कागदावर अंगठा उठवून माणूस कोयता घेऊन निघतो, त्यामुळं घरात कुणालाच माहीत नसतं काय लिहिलंय. दोन, त्या जमिनीतून रेल्वे वाहतुकीला खुली झाल्यापासून दहा वर्षांनी, जादा कामाचा खर्च रेल्वेवर राहत नाही. आष्टीपर्यंतच्या लोकांनी हिशोब करा, सप्टेंबर 2032. आष्टीच्या पुढं तुमच्या रानातून गाडी कधी सुरू झाली ती तारीख पाहा. तुमच्या खर्चानं जादा मार्ग मागायचा असेल तर कलम 17 आहे, पण भुयारी मार्गाचा खर्च एका शेतकऱ्याच्या आवाक्यातला नसतो.

परळीकडच्या मंडळींनी अजून एक ध्यानात ठेवा, कारण तिकडचं काम व्हायचंय. जमीन 2013 च्या भूसंपादन कायद्यानं जात असेल, तर कलम 28 मध्ये जमिनीचे तुकडे पडल्यामुळं होणारं नुकसानही मोबदल्यात धरायचं असतं. नुसतं गेलेल्या गुंठ्यांचे पैसे नाही. पण ते निवाड्याच्या आधी लेखी मांडावं लागतं.

भुयारी मार्गापर्यंत जायलाच वाट नसेल, मधे दुसऱ्याचं रान असेल, तर? तहसीलदाराकडं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता कलम 143, बांधावरून रस्ता. पाण्याची पाइपलाइन शेजाऱ्याच्या रानातून न्यायची असेल तर कलम 49. आणि रुळाखालून न्यायची असेल तर रेल्वेची परवानगी. पाइप सरळ पुरता येत नाही, बाहेरून मोठा पाइप घालून त्याच्या आतून न्यावा लागतो, म्हणजे फुटला तरी भराव खचत नाही. रात्रीतून मोरीतून रबरी नळी ओढणारे मला माहीत आहेत. पावसाळ्यात ती नळी कचरा अडवते आणि मोरी तुंबते, मग तुमचंच रान पाण्याखाली.

आता जनावरांचं, कारण हा प्रश्न तिघांनी विचारला. अमेरिकेत लोक हरणाच्या शिकारीसाठी जमीन विकत घेतात, झाडावर मचाण बांधतात, आणि मधे रेल्वे असली तर कुठल्या बाजूनं शिरायचं याचा अभ्यास करतात. आपल्याकडं शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे. रानडुकराचं नुकसान फार असेल तर वनखात्याकडं जायचं, आपल्या मनानं काही करायचं नाही. पण मचाणीचा अभ्यास आपल्यालाही लागतो, मारायला नाही, राखणीला.

आमचा अनुभव असा, की भरावामुळं डुकरांच्या जुन्या वाटा मोडल्या आणि ती आता मोरीतून येतात. म्हणजे पूर्वी चारी बाजूंनी राखावं लागायचं, आता मोरीचं तोंड राखलं तरी बरंच भागतं. भाऊंनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, माळा मोरीच्या समोर न बांधता बाजूला, वारा अंगावर येईल असा बांधला. माणसाचा वास मोरीकडं गेला की डुक्कर तिथंच थबकतं आणि भरावाच्या कडेनं दुसरीकडं घुसतं. हरणांचं वेगळं, ती भराव चढून येतात. त्यांच्यासाठी आम्ही भरावाला लागून आठ-दहा तास करडई पेरतो, काटे लागले की ती आत कमी येतात.

दोन गोष्टी अजिबात करू नका. कुंपणात करंट सोडू नका, त्यात माणसं मेलेली आहेत. आणि राखणीला बसून गाडी येताना बॅटरी जोरजोरात हलवू नका. रात्री हलवलेला दिवा म्हणजे थांबण्याचा इशारा, पांढरा असला तरी. पोरांना गंमत वाटते, पण चालक आणीबाणीचा ब्रेक मारू शकतो. बॅटरी जमिनीकडं धरा.

शेवटचं, कागद. संपादनानंतर मोजणी होऊन कजाप, म्हणजे कमी-जास्त पत्रक, झालंय का, आणि सातबाऱ्यावर दोन्ही बाजूंचं क्षेत्र बरोबर आलंय का, हे महाभूमीवर आज पाहा. आमच्यात एक तिकोनी कोपरा उरलाय, आठ गुंठ्यांचा. तुकडेबंदीमुळं तो कुणालाही विकता येत नाही, लागून ज्याचा गट आहे त्यालाच. आमचा शेजारी घ्यायला तयार आहे, भाऊ तयार नाहीत. तिथं चिंच आहे. सध्या तिच्याच खाली माळा आहे.