पैसाफंडाच्या गावात आपले स्वागत



सरसेनापती दाभाड्यांच्या, उमाबाईसाहेबांच्या या तळेगावात आपले मनःपूर्वक स्वागत. उमाबाईसाहेबांचे नाव निदान घेतले तरी जाते. अंताजी दामोदर काळे मात्र आम्ही पार विसरलो. स्वदेशी उद्योगासाठी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, एवढेच त्यांचे मागणे. त्यासाठी ते गावोगाव हिंडले. लोकमान्य पाठीशी उभे राहिले आणि पैसाफंडाच्या त्या पैशापैशातून १९०८ साली इथे काच कारखाना निघाला. परदेशी काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो चालवला. तापलेला रस फुंकनळीच्या टोकावर उचलायचा, फिरती नळी क्षणभरही थांबू द्यायची नाही, थांबली की गोळा एका अंगाला लोंबलाच! ही कला इथे मुलांना शिकवली गेली. काळ्यांची तसबीर तळेगावच्या प्रत्येक शाळेत लागली पाहिजे, हे माझे जुने मागणे आज पुन्हा करतो.

काचेचे गाव म्हणूनच शीत संलयनावरची, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रके जुळवण्याच्या प्रयोगांवरची, ही परिषद आम्ही हट्टाने मागून घेतली. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेत युटा इथे फ्लाइशमन आणि पॉन्स या संशोधकांनी जड पाण्यातल्या पॅलेडियममधून अनपेक्षित उष्णता मिळाल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी आपल्या तुर्भ्याच्या भाभा केंद्रातही डॉ. पी. के. अय्यंगार यांच्या कारकिर्दीत न्यूट्रॉन आणि ट्रिटियम आढळल्याची नोंद झाली. पण आज मिळालेली उष्णता उद्या मिळेल याची शाश्वती नाही. गूगलच्या अर्थसाहाय्याने झालेल्या कामातही, २०१९च्या अहवालानुसार, शीत संलयनाचा पुरावा हाती लागला नाही. उष्णता खरी की मोजमापातला घोळ, हे ठरवायला आधी प्रयोगाचे भांडे स्थिर हवे. त्यासाठी काचतंतूने तापमान मोजणे, क्वार्ट्झच्या खिडकीतून लेसर सोडणे, कणांचे माग सीआर-३९वर टिपणे, हे आपले विषय. चष्म्याच्या भिंगांचे हे प्लॅस्टिक अणुकणांची खूणही धरून ठेवते, हे ऐकून मला फार आनंद झाला.

व्यवस्थेत उणिवा आहेत. लग्नसराईमुळे एकच मंगल कार्यालय मिळाले, काहींना दाटीवाटीने राहावे लागेल; गरम पाणी सकाळी सातपर्यंतच येईल. मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे. कार्यालयाचे भाडे न घेणारे मालक, तांदूळ-गूळ पाठवणारे व्यापारी, वीज गेल्यास जनरेटर देणारे मंडपवाले, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बचत गटाच्या भगिनी आणि दारोदार वर्गणी गोळा करणारी शाळेची मुले, या सर्वांचा मी ऋणी आहे. वर्गणीत दहा रुपये देणाऱ्यांची नावेही फलकावर लिहिली आहेत. पाहुण्यांनी जेवायला जाताना ती जरूर वाचावीत.