कॅमेरा घेऊन एकट्याने कोठे जावे?

वैशाखाचे ऊन तापू लागले आणि शाळांना सुट्या लागल्या, की माझ्या मनात दरवर्षी एकच वाद सुरू होतो. मी पेशाने शिक्षक, छंद छायाचित्रणाचा. सुटीतले आठ-दहा दिवस मी या छंदासाठी राखून ठेवतो आणि त्या प्रवासास एकटाच निघतो. घरच्यांना हे विक्षिप्तपणाचे वाटते. परंतु एका झाडावरचे ऊन सरकेपर्यंत अर्धा तास थांबावे, आणि तेवढ्या वेळात सोबत्याने चार वेळा घड्याळ पाहावे, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना माझे म्हणणे पटेल. एकट्या माणसाला थांबता येते, हा त्याचा मोठा लाभ. पण कोठे जायचे, हेही त्याने एकट्यानेच ठरवायचे असते.

यंदा माझ्यापुढे तीन ठिकाणे होती : लडाख, हंपी आणि आपल्या गोव्यातीलच सांगे तालुक्यातले कुर्डी.

लडाखचा मोह कोणाला होणार नाही? लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. हवा विरळ आणि कोरडी, तीत धूळ व बाष्प थोडे. त्यामुळे आकाशाचा निळा रंग इतका गडद दिसतो, की आपल्याकडच्या माणसाला तो खरा वाटू नये. मे-जूनमध्ये आपण घामाने भिजत असताना तेथे स्वेटर घालून फिरावे लागते. मात्र समुद्रकाठच्या माणसाने विमानातून उतरताच कॅमेरा गळ्यात अडकवून डोंगर चढू नये. पहिले दोन दिवस विश्रांतीत घालवून शरीराला त्या हवेची सवय होऊ द्यावी लागते. आठ दिवसांतले दोन असे जातात आणि येण्याजाण्यात आणखी दोन. दूरच्या सरोवरांकडे जायचे, तर मोटारीचे भाडे वाटून घ्यायला एकट्याबरोबर कोणी नसते. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, म्हणून त्या अंगावरच्या खिशात उबेत ठेवाव्या लागतात. या अडचणींवर उपाय आहेत. पण हिशेब आधी केलेला बरा.

हंपी त्या मानाने शेजारघर. गोव्यातून आगगाडीने घाट चढून होसपेटला उतरले, की विजयनगरची राजधानी हाकेच्या अंतरावर. विरुपाक्षाचे गोपुर, विठ्ठलमंदिरापुढचा पाषाणरथ, मातंग टेकडीवरून दिसणारा सूर्योदय! छायाचित्रकाराला आणखी काय हवे? पण हंपी आणि गोवे जवळजवळ एकाच अक्षांशावर, 15 अंशांच्या आसपास आहेत. मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य तेथे अगदी डोक्यावर येतो आणि कोरीव खांबांवरच्या आकृतींना उठाव देणारी तिरपी सावली नाहीशी होते. ग्रॅनाइटचे खडक तव्यासारखे तापतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा तेच खांब बोलू लागतात.

हंपीविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1856 साली अलेक्झांडर ग्रीनलॉ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मेणकागदाच्या निगेटिव्हांवर तेथील अवशेषांची छायाचित्रे घेतली. त्या चित्रांतील कितीतरी वास्तू आजही तेथे उभ्या आहेत. म्हणजे हंपीचा दगड छायाचित्रकारांसाठी दीडशेहून अधिक वर्षे थांबला आहे. माझ्यासाठी तो येत्या डिसेंबरपर्यंत खचित थांबेल. लडाखचे डोंगर तर त्याहून धीराचे.

आता कुर्डी. साळावली नदीवर धरण झाले आणि 1986 साली हा गाव जलाशयाखाली गेला. गावकऱ्यांना वाडे व वालकिणी येथे वसविण्यात आले. गावातले प्राचीन महादेवाचे देऊळ एकेक दगड सुटा करून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभारण्यात आले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म 1904 साली याच गावात झाला. एरवी तेथे नुसते पाणी दिसते. परंतु उन्हाळ्यात जलाशय उतरत जातो आणि मे महिन्यात गाव उघडा पडतो : चिऱ्यांची जोती, वाळलेले बुंधे, जुन्या वाटा, भेगाळलेला गाळ. तेव्हा मूळचे गावकरी तेथे येतात. कोणी सोमेश्वराच्या देवळाशी जमतात, कोणी आपल्या कपेलाशी. जूनमध्ये पाऊस लागला, की गाव पुन्हा पाण्याखाली.

मे महिन्याचे जे ऊन हंपीत वाईट, ते कुर्डीतही वाईटच. पण कुर्डीला दुसरा ऋतू नाही.

दोन वर्षांपूर्वी मी तेथे प्रथम गेलो. सकाळी नऊच्या आत आणि दुपारी साडेचारनंतर पुष्कळ चित्रे घेतली. सगळी बुंध्यांची, भेगांची आणि जोत्यांची. चित्रात माणूस येऊ नये अशी माझी खटपट चालली होती. तेवढ्यात एक वृद्ध बाई एका जोत्यावर उभ्या राहून नातवंडांना दाखवू लागल्या : येथे चूल होती, येथे तुळस, येथून गोठ्याकडे जायची वाट. मी कॅमेरा खाली घेतला. त्यांनी मला हाक मारून आपले चित्र घ्यावयास सांगितले. भिडेपोटी मी दोन चित्रे घेतली आणि पुढे जवळजवळ विसरलो.

गेल्या वर्षी मी पुन्हा गेलो, तेव्हा त्या आल्या नव्हत्या. त्यांना आता एवढे चालवत नाही, असे त्यांच्या मुलाने सांगितले. आपले घर नेमके कोणते, याविषयी तो एका जोत्यावरून दुसऱ्यावर जात बुचकळ्यात पडला होता. गाव सुटला तेव्हा तो अगदी लहान होता, आणि गाळाने दोन्ही जोती सारखीच झाली होती. मी मोबाइलमधले ते चित्र काढून त्याच्या हाती दिले. आईच्या पाठीमागचा वाकडा बुंधा त्याने ओळखला, मग जोते ओळखले. तो त्या जोत्यावर जाऊन बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मी आजवर घेतलेल्या सगळ्या चित्रांत कोणाच्या उपयोगी पडलेले हे एकच, आणि तेही मी मन लावून घेतलेले नव्हते.

म्हणून यंदाचा वाद मी लवकर मिटवला. कुर्डीला जायचे, पण या वेळी आधी ओळख करून घ्यायची, परवानगी विचारायची, आणि ज्यांना दाखवायचे असेल त्यांना त्यांच्या जोत्यावर उभे करून, मागची खूण चौकटीत घेऊन, चित्र टिपायचे. प्रत्येकाला त्याची प्रत पोचवायची. जोती पुढच्या वर्षीही वर येतील, पण हे घर कोणाचे, असे बोट दाखवून सांगणारे हात दरवर्षी कमी होत आहेत.

आपणांपैकी कोणी एकट्याने निघणार असेल, तर दोन शब्द व्यवहाराचे. गाळ वरून सुकलेला दिसला तरी खाली ओला असतो. मळलेली वाट सोडू नये. सावली कोठेही नाही, म्हणून पाणी व टोपी हवीच. फिकट गाळावरून उलटणाऱ्या उजेडाने कॅमेऱ्याचे माप फसते आणि चेहरे काळवंडतात. उजेड थोडा अधिक घ्यावा. कोठे जातो आणि कधी परतणार, हे घरी सांगून निघावे.

आपले गाव कुर्डी नसेल. तरीही ठिकाण निवडताना, तेथील काय पुढच्या वर्षापर्यंत थांबेल आणि काय थांबणार नाही, एवढे आधी स्वतःला विचारावे. लेहचे तिकीट मी पुढच्या उन्हाळ्यात काढीन.