बंदूक थांबली, गावाचे मन कधी थांबणार?



आपल्या जिल्ह्यातील सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांनी कित्येक वर्षे नक्षलवादाची झळ सोसली. रात्री दलम आले की जेवण द्यावे लागे. दिवसा पोलीस विचारत, कोणाला जेवू घातले? कोणी ‘खबऱ्या’ ठरून मेला, कोणी नक्षलवादी म्हणून. बहुतेक गरिबाचीच पोरे!

बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दुःख दोघांनीही ओळखले. पण हिंसेने नव्हे, माणसाचे मन बदलून ते दूर करायचे, हा बुद्धाचा मार्ग त्यांनी श्रेष्ठ मानला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत भूपतीने ६० साथीदारांसह शस्त्रे ठेवली. बरे झाले. पण असा माणूस गावात परतला तर? अंगुलिमाल भिक्खू झाला, तरी लोकांनी त्याला दगड मारलेच. आणि जिचा नवरा गेला, तिला ‘विसरून जा बाई’ म्हणायचा आपल्याला काय हक्क?

म्हणून एवढेच करू या. तिचे दुःख आधी ऐकू. आणि कोणत्याही लेकराला ‘खबऱ्याचा’ किंवा ‘नक्षल्याचा’ पोरगा म्हणू नका. विहारात दोघांनाही एकाच सतरंजीवर बसवा.

नमो बुद्धाय! जयभीम!