डोळ्यातली बाहुली



माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत एकाच वस्तूला दोन नावे असतात. डोळ्याच्या मधल्या काळ्या ठिपक्याला आपण बाहुली म्हणतो, आणि हाटपिपल्याच्या बाजारात तिलाच पुतली म्हणतात. अर्थ एकच. दुसऱ्याच्या डोळ्यात पाहिले की आपलेच इवलेसे रूप तिथे दिसते, म्हणून ती बाहुली. लॅटिनमधल्या ‘प्युपिला’ या शब्दाचा अर्थही तोच. ही बाहुली पुष्कळदा आजाराची बातमी रोग्याच्या आधी सांगते, आणि ती बातमी घरातल्या माणसालाही कळू शकते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

बाहुली म्हणजे खरे तर एक भोक. भोवतीच्या रंगीत पडद्यात दोन स्नायू असतात. एक तिला आवळतो, दुसरा रुंद करतो. आवळण्याचा निरोप मेंदूतून थेट डोळ्याकडे येतो. रुंद करण्याचा निरोप मात्र लांबच्या वाटेने येतो: मेंदूतून पाठीच्या कण्यात, तिथून छातीत फुफ्फुसाच्या शेंड्याजवळून, मग मानेतल्या मोठ्या रोहिणीच्या सोबतीने वर डोळ्यात. म्हणून बाहुली बिघडली तर दोष डोळ्यातच असेल असे नाही. तो मेंदूत, मानेत किंवा छातीतही असू शकतो.

निरोगी माणसाच्या एका डोळ्यावर बॅटरीचा उजेड टाकला तर दोन्ही बाहुल्या एकदम आवळतात. दर पाच माणसांत साधारण एकाच्या बाहुल्यांत किंचित फरक असतो, तोही निर्धोक. भीती असते ती नव्याने आलेल्या फरकाची.

आपल्या मुलखातल्या दोन वनस्पती बाहुलीवर उलटसुलट काम करतात. मंदसौर-नीमचकडे परवान्याने पिकणारी अफू जास्त पोटात गेली की बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, माणूस गुंगतो आणि श्वास मंदावतो. महादेवाला वाहतो तो धोतरा पोटात गेला तर बाहुल्या पसरतात, तोंड कोरडे पडते आणि माणूस बरळू लागतो. धोतरा उपटून त्याच हाताने डोळा चोळला तर तेवढ्याच डोळ्याची बाहुली मोठी होते. अशा वेळी डॉक्टरांना धोतऱ्याचे आवर्जून सांगा, नाहीतर त्यांना मेंदूची शंका घ्यावी लागते.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अनेक कीटकनाशकांच्या विषबाधेत बाहुल्या बारीक होतात, लाळ गळते, दरदरून घाम सुटतो, श्वास लागतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. यातल्या एका मोठ्या गटाच्या औषधांवर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन देतात, आणि ते धोतऱ्यातल्या विषाच्याच कुळातले. माणसाला दवाखान्यात नेताना औषधाचा डबाही सोबत न्या.

आता वेळ दवडू नये अशा खुणा सांगतो. डोक्याला मार लागल्यावर माणसाला झापड येऊ लागली आणि एक बाहुली मोठी होऊन उजेडालाही आवळेना, तर आत रक्त साचून मेंदूवर दाब येत असेल. अचानक डोके भयंकर दुखले, एक पापणी मिटली आणि त्याच डोळ्याची बाहुली पसरली, तर मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटण्याच्या बेतात असू शकते. इथे सकाळची वाट पाहायची नाही. देवास-इंदूरला त्याच रात्री निघायचे.

उलट, एक बाहुली लहान आणि त्याच बाजूची पापणी किंचित उतरलेली, हेही ओळखून ठेवा. १८६९ साली स्विस नेत्रवैद्य हॉर्नर यांनी चाळिशीच्या एका शेतकरी बाईच्या डोळ्यावरून या खुणेचे वर्णन केले. ती अचानक मानदुखीसोबत आली तर मानेतल्या रोहिणीला चीर पडलेली असू शकते, आणि त्यातून पक्षाघात होण्याची भीती असते. बिडी ओढणाऱ्याचा खांदाही दुखत असेल तर फुफ्फुसाचा शेंडा तपासायला हवा.

डोळा लाल, असह्य दुखणे, दिव्याभोवती रंगीत वलये आणि उलट्या होऊ लागल्या की घरात पित्त समजून सोडा देतात. बाहुली अर्धवट पसरून थिजली असेल तर तो काचबिंदूचा झटका असतो, आणि काही तासांच्या दिरंगाईने दृष्टी जाऊ शकते. लहान मुलाच्या फोटोत एक बाहुली लाल न दिसता पांढरी दिसली तर ‘नजर लागली’ म्हणून मीठ-मोहरी उतरवत बसू नका, नेत्रतज्ज्ञाला दाखवा. त्यामागे डोळ्यातला कर्करोगही असू शकतो, आणि लवकर सापडला तर मूल वाचते.

फरक नवा की जुना, हे कसे ठरवायचे? आपल्या घरांत लग्नामुंजीचे आल्बम जपलेले असतात. जवळून काढलेला जुना फोटो भिंगाखाली पाहा. फरक तेव्हाही तेवढाच असेल तर बहुधा काळजी नाही. नसेल, तर तो फोटो बरोबर घेऊनच डॉक्टरांकडे जा. त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यात असते.