वरसईची वाट : इतिहासकार होऊ पाहणाऱ्यांसाठी

(पेण व रोहे परिसरातील विद्यार्थी आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मुलाने शिकून मोठे व्हावे असे वाटणाऱ्या रोह्याच्या माणसाच्या डोळ्यांसमोर सहजच एक नाव उभे राहते, ते चिंतामणराव देशमुखांचे. १९१२ सालच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञानाचे शिक्षण, आयसीएसमध्येही पहिला क्रमांक, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्या पदाचा राजीनामा! असे उदाहरण गावात असताना पालकांची नजर दुसरीकडे जावी कशी? विज्ञान, स्पर्धा परीक्षा, अधिकारपद हा मार्ग रोह्याने सिद्ध करून दाखवलेला आहे.

परंतु याच जिल्ह्यात, नागोठण्यावरून पेणकडे निघाले की आणखी एक मार्ग दिसतो. तो पेण तालुक्यातील वरसई या गावातून सुरू होतो. त्या मार्गाने गेलेल्यांना गव्हर्नरपद मिळाले नाही आणि पुष्कळदा दोन वेळचे स्वस्थ जेवणही मिळाले नाही. तरीही मराठ्यांच्या इतिहासाचे जे भक्कम ज्ञान आज आपल्यापाशी आहे, त्याचा मोठा भाग त्यांनी मिळवून दिलेला आहे.

बारावीला उत्तम गुण मिळवलेल्या मुलीने घरी सांगितले की, 'मला इतिहास घ्यायचा आहे,' तर घरात क्षणभर शांतता पसरते. मग वडील विचारतात, 'इतिहास घेऊन करणार काय?' आजी समजुतीने सांगते, 'अगं, इतिहास काय, नोकरी करूनही वाचता येईल.' हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. त्यामागे संसाराचा अनुभव आहे. म्हणून त्यांचे उत्तरही भावनेच्या भरात न देता, ज्यांनी हा व्यवसाय प्रत्यक्ष केला त्यांच्या आयुष्यांतून शोधले पाहिजे.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ साली वरसईचा. लहानपणीच पितृछत्र हरपले. पुण्यास शिक्षण झाले, डेक्कन कॉलेजातून पदवी मिळाली, काही काळ शिक्षकी झाली. 'भाषांतर' नावाचे मासिक काढून त्यांनी प्लेटोचा ग्रंथ मराठीत आणला. पत्नीचे अकाली निधन झाले आणि पुन्हा विवाह न करता त्यांनी उरलेले आयुष्य कागदांच्या शोधात घालवले. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. पानिपताकडे नेणाऱ्या घडामोडी त्या वेळच्या माणसांनी स्वतः लिहिलेल्या शब्दांत मराठी वाचकांच्या हाती आल्या. तोपर्यंत हा वाचक मुख्यतः ग्रँट डफच्या १८२६ सालच्या ग्रंथावर आणि बखरींवर विसंबून होता. एकाने परक्याच्या नजरेतून सांगितले, तर दुसऱ्यांनी ऐकीव आणि सजवलेले. राजवाड्यांनी दोन्ही बाजूंना सारून अस्सल पत्र पुढे ठेवले. असे एकूण बावीस खंड त्यांच्या हातून सिद्ध झाले. गावोगाव पायी फिरणे, दफ्तरे बाळगणाऱ्या घरांच्या विनवण्या करणे, प्रसंगी अपमान सोसणे, हाताने स्वयंपाक करून एक वेळ जेवणे, असा त्यांचा 'व्यवसाय' होता. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले त्यात त्यांचा पुढाकार होता. पुढे मंडळातल्या मंडळींशी त्यांचे पटले नाही, तेव्हा ते धुळ्यास गेले आणि तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचा देहान्त झाला. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी लेखन मराठीतच केले, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

ही कथा ऐकून कोणी पालक म्हणेल, 'हे तर संन्यासाचे वर्णन झाले. आमच्या मुलाने संन्यास घ्यावा असे का सुचवता?' आक्षेप योग्य आहे. राजवाडे हा अपवाद होता आणि अपवादावरून अभ्यासक्रम ठरवता येत नाही. म्हणून पेणचेच दुसरे उदाहरण पाहू.

वासुदेव सीताराम बेंद्रे यांचा जन्म १८९४ साली पेणमध्ये झाला. घरची श्रीमंती नव्हती, मोठ्या पदव्यांचे पाठबळ नव्हते. नोकरी आणि संसार सांभाळत त्यांनी मंडळात जाऊन कागद वाचण्यास आरंभ केला. त्यांच्या १९२८ सालच्या ग्रंथाचे नावच 'साधन-चिकित्सा' असे आहे. शिवकालाचा इतिहास लिहिण्यापूर्वी त्या काळाची साधने कोणती, त्यांतले विश्वसनीय कोणते आणि संशयास्पद कोणते, याची छाननी त्यांनी आधी केली. शिवाजी महाराजांचे म्हणून जे एक चित्र त्या काळी सर्रास छापले जात होते, ते वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचे आहे, हे त्यांनी दाखवून दिले आणि १९३३ साली डच परंपरेतले चित्र लोकांपुढे आणले. ज्या चित्राला घरोघरी हार घातला जात होता, ते चुकीचे आहे असे सांगण्यास किती धैर्य लागले असेल? १९३८ साली सरकारी साहाय्याने ते इंग्लंडला गेले आणि तेथील दफ्तरे त्यांनी धुंडाळली. १९६० साली त्यांचे छत्रपती संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध झाले. तोवर नाटककारांनी आणि बखरकारांनी संभाजीराजांची जी व्यसनी, उच्छृंखल प्रतिमा रंगवली होती, ती या ग्रंथाने मोडीत निघाली. त्यामागे अनेक वर्षांची कागदांची तपासणी होती. केवळ आवेशाने लिहिले असते, तर नाटककाराच्या एका कल्पनेविरुद्ध दुसरी कल्पना एवढेच त्याचे मोल राहिले असते.

येथे थोडे कटू बोलणे भाग आहे. इतिहासाकडे वळू पाहणारे कितीतरी तरुण आपला निष्कर्ष आधीच खिशात घालून येतात. त्यांना पुरावा हवा असतो तो आपल्या मताला टेकू म्हणून. पूर्वजांचा अभिमान असणे स्वाभाविक आहे, किंबहुना तो नसता तर राजवाडे पायी फिरलेच नसते. पण त्या अभिमानाचे काम संशोधकाला दफ्तरापर्यंत नेऊन सोडण्याचे. दफ्तर उघडल्यावर कागद सांगेल ते ऐकावे लागते. स्वतः राजवाड्यांचीही अनेक अनुमाने, विशेषतः व्युत्पत्तीच्या बाबतीतली, पुढच्या अभ्यासकांनी नाकारली. त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारख्या करड्या अभ्यासकाने त्यांच्याशी वाद घातले. यात राजवाड्यांचा अवमान झाला असे कोणी मानू नये. त्यांनी छापलेली पत्रे हाती होती म्हणूनच त्यांचे अनुमान तपासता आले. ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून तयार झालेल्या वाचकाला हे पचायला जड जाते, कारण कादंबरीत संशयाला जागाच नसते. असो.

इतिहासकार नेमके काय करतो हे रोहेकरांना समजून घ्यायचे असेल, तर लांब जाण्याची आवश्यकता नाही. अवचितगडावर जावे. तेथे एक शिलालेख आहे. त्यावर शके १७१८, नल संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा असा काल दिला आहे. सहलीला आलेला विद्यार्थी १७१८ हा आकडा वाचतो आणि वहीत लिहून घेतो, 'इ. स. १७१८'. लगेच त्याच्या मनात चित्र उभे राहते : कान्होजी आंग्रे हयात आहेत, बाळाजी विश्वनाथ दिल्लीच्या स्वारीच्या तयारीत आहेत. सगळेच चुकले! शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हा लेख १७९६ सालचा. गुढीपाडव्याचा तो दिवस. त्याच्या अगोदरच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव पेशवे गेलेले होते आणि गादीवर कोणी बसावे यावरून पुण्यात राजकारण पेटले होते. अशा धामधुमीत कुंडलिकेकाठच्या या गडावर कोणीतरी बांधकाम करून पाडव्याचा मुहूर्त दगडात कोरून ठेवतो! कोणी, कोणाच्या हुकुमाने, कोणत्या पैशाने? येथून खरा इतिहास सुरू होतो. आकडा शकाचाच आहे याची खातरजमा 'नल' या संवत्सराच्या नावाने होते, कारण साठ संवत्सरांच्या चक्रात शके १७१८ ला तेच नाव येते. आजोबांच्या पंचांगातले हे ज्ञान इतिहासाच्या विद्यार्थ्याला रोज लागते.

रायगड जिल्हा तर या दृष्टीने रत्नांची खाणच आहे, आणि येथे एका भाषेवर भागत नाही. रोह्याच्या दक्षिणेस कुडे येथील लेणी आहेत. तेथील लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात आहेत, त्यांत मांदाडच्या महाभोजांचा उल्लेख येतो. चौल-रेवदंड्याचा इतिहास पोर्तुगीज कागदांवाचून अपुरा, जंजिऱ्याच्या सिद्दीचा फारसीवाचून, कुलाब्याच्या आंग्र्यांचा मोडीवाचून, आणि कंपनीच्या आरमाराशी झालेल्या लढायांचा इंग्रजीवाचून. गोव्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दफ्तरे उलगडली, ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणली. या तोडीचे किती अभ्यासक आज आहेत हे प्रत्येकाने आपल्याशीच मोजून पाहावे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात नव्या मुलाला कोणी पहिल्या दिवशी डोळ्यांच्या आखणीला बसवत नाही, आधी तो माती मळायला शिकतो. लिपी आणि भाषा ही इतिहासाची माती मळण्याची पायरी आहे.

आता पोटाचा प्रश्न. खरे ते सांगावे. महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे तर इतिहासात एम.ए., त्यानंतर नेट किंवा सेट आणि बहुधा पीएच.डी. एवढे करूनही कायम जागा मिळेपर्यंत कित्येकांना तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनात वर्षानुवर्षे काढावी लागतात. नेटमध्ये कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर काही वर्षांची निश्चिंती होते, म्हणून पहिले लक्ष्य तेच ठेवावे. त्या परीक्षेच्या मागे असलेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद एके काळी चिंतामणरावांनीच भूषवले होते, म्हणजे रोह्याची आणि वरसईची वाट अगदीच वेगळी राहत नाही. याशिवाय पुराभिलेख, पुरातत्त्व, वस्तुसंग्रहालये, ग्रंथालये आहेत. मोडी जाणणाऱ्याची किंमत काय असते हे २०२३ साली उभ्या महाराष्ट्राने पाहिले. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुने दस्तऐवज वाचू शकणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत शोधावी लागली. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, कागद कपाटात होते आणि वाचणारे अपुरे होते. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत रायगड आणि खांदेरी हे आपल्या जिल्ह्यातले दोन आहेत. तेथे येणाऱ्या जगभरच्या माणसांना दंतकथेपलीकडचे काही सांगू शकेल, अशी शिकलेली माणसे लागणार आहेत.

आणि ज्याला हा धोका पत्करवत नाही, त्याने बेंद्र्यांकडे पाहावे. शिक्षक, बँकेतला कर्मचारी, वकील, वैद्य यांनी सायंकाळचे दोन तास आणि रविवार दिल्यावर काय होऊ शकते, हे पेणच्या त्या माणसाने दाखवलेले आहे. सरदेसायांची मराठी रियासतही बडोद्याच्या चाकरीत असतानाच आकाराला आली.

विद्यार्थ्यांना आरंभ करण्यासाठी मात्र पुण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पेण-रोह्याच्या जुन्या वाड्यांत, देशमुख-देशपांडे-कुलकर्णी-खोतांच्या घरी, माळ्यावर रुमालात बांधलेली दफ्तरे अजून असतील. कोकणातला पाऊस आणि वाळवी यांना इतिहासाचे सोयरसुतक नसते. घर पाडून इमारत उभी राहते तेव्हा माळ्यावरचे सामान आधी बाहेर पडते, आणि रद्दीवाला लिपी पाहत नाही, वजन पाहतो. स्वतः वरसई हे गावही बाळगंगा धरणाच्या बाधित गावांच्या यादीत आहे. एखाद्या मुलाने या सुट्टीत मोडीची बाराखडी गिरवली आणि आपल्याच घरचा एक रुमाल उघडून, कागदांचा क्रम न मोडता, त्यांची छायाचित्रे काढून यादी केली, तर तो कामाला लागला असे समजावे. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत आणि कागदावर पेनाने खुणा करू नयेत.

अशा एका रुमालाने काय साधते, याचे उदाहरणही वरसईचेच आहे. कर्जात बुडालेल्या घरातले विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांसह उत्तर हिंदुस्थानात निघाले ते यज्ञाची दक्षिणा मिळावी म्हणून. मध्येच उठाव झाला. झाशीला वेढा पडला तेव्हा ते त्याच शहरात होते. परतले तेव्हा द्रव्य लुटले गेलेले होते, गंगेचे पाणी तेवढे बरोबर होते. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी पाहिलेले सारे मोडीत लिहून काढले. वैद्यांनी ते १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने छापले, परंतु भाषा बदलून आणि काही मजकूर गाळून. इंग्रजी राज्यात त्यांना ते भाग पडले असेल. दोन पिढ्यांनी तेच पुस्तक भटजींचे म्हणून वाचले. मूळ हस्तलिखित मात्र वैद्यांनी जपून भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिलेले होते. महाडजवळच्या बिरवाडीत जन्मलेल्या महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी ते बाहेर काढले, त्यातील अक्षर न् अक्षर लावले आणि १९६६ साली, म्हणजे पहिल्या छपाईनंतर एकोणसाठ वर्षांनी, वरसईच्या भटजींचे बोलणे त्यांच्या स्वतःच्या शब्दांत महाराष्ट्राला वाचायला मिळाले.